जावयाचं इंग्रजी

माणसाला एकेक खोड असते. कुणाला तपकिरीची, कुणाला उंबऱ्यावर बसून आल्यागेल्याची चौकशी करायची. मंगरूळपीरच्या भगवंतराव मास्तरांची खोड म्हणजे त्यांना चुकीचं इंग्रजी ऐकवत नसे. कुणी 'आय ॲम हॅविंग टू बुलक्स' म्हणालं की त्यांचं तोंड कारलं चावल्यासारखं व्हायचं. समोरचा कोण, कशासाठी आला, याचा काडीचाही विचार न करता ते म्हणायचे, "हॅविंग नाही. आय हॅव." मग तो बिचारा आपले दोन्ही बैल विसरून जायचा आणि ज्या कामासाठी आला ते कामही विसरायचा.

बरं, तो काळच असा होता की ज्याला त्याला इंग्रजीचा सोस. कचेरीतला मदनसिंग चपराशी फाटकात उभा राहून 'मायसेल्फ मदनसिंग' म्हणायचा. कापसाचा व्यापारी हिरालाल गिऱ्हाइकाला 'कम टुमॉरो, रिटर्न बॅक' म्हणायचा. मास्तर गावातून चालायचे ते कानात कापूस घातल्यासारखे मान खाली घालून, पण कापूस कुठे होता! एकदा तर मयताला गेले असताना कुणीतरी हळहळून म्हणालं, "ही डायड बिफोर टू डेज." मास्तरांनी तिरडीच्या शेजारी उभं राहून सांगितलं, "टू डेज अगो." लोकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चिता पेटेपर्यंतही थांबले नाहीत, तसेच मागच्या मागे घरी आले.

हा काही गर्व नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मास्तर धनजच्या शेतकऱ्याच्या घरचे. कुळात इंग्रजी शिकलेला पहिला माणूस तोच. अकोल्याला दुसऱ्याच्या ओसरीवर झोपून, वारावर जेवून आणि हातांवर छड्या खाऊन त्यांनी ती भाषा मिळवली होती. जी वस्तू मार खाऊन मिळवली ती कुणी रस्त्याने फरफटत नेलेली बघवत नाही, एवढंच. पण लोकांना काय, लोक म्हणायचे मास्तर तिरसट आहे.

त्यांची बायको कस्तुराबाई. तिने तीन मुलं पुरली होती आणि चौथी वाचली ती रुख्मिणी. ही एकच लेक. तिला जऊळक्याच्या स्टेशनातला तारबाबू पाहून दिला. बबनराव त्याचं नाव. पोरगा निर्व्यसनी, घरची शेती, वर सरकारासारखी पक्की नोकरी. सासू वारलेली, म्हणजे सासुरवासही नाही. खोट काढायला जागा नव्हती. फक्त मांडवात अक्षता पडल्यावर नवरदेवाने वाकून मास्तरांच्या पायाला हात लावला आणि मोठ्या प्रेमाने म्हणाला, "मामाजी, टुडे आय ॲम बिकेम युवर सन-इन-लॉ." कस्तुराबाईने मागून उपरण्याला हिसका दिला म्हणून मास्तर गप्प राहिले. पण पंगतीत त्यांना घास गोड लागला नाही.

त्या वर्षी वैशाख अधिक आला. धोंड्याचा महिना. आपल्याकडे त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलावून त्याचे पाय धुवायचे, दिव्यासह तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, आणि तो जेवून तृप्त होऊन उठेपर्यंत त्याला अर्ध्या शब्दानेही दुखवायचं नाही. सासऱ्याने स्वतः तूप वाढायचं. बबनराव नवं धोतर नेसून आले, सोबत त्यांचे मामा उकंडराव. पाय धुऊन झाले, वाण झालं, पंगत बसली. भाऊबंदांनी अंगण भरलं होतं.

मास्तर तुपाचं भांडं घेऊन जावयाच्या पाटाशी आले. बबनरावांनी पहिला घास खाल्ला, मान वर केली, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामाजी, धिस फूड इज मोअर बेटर दॅन माय हाउस. आय डिडन्ट एट सच फूड सिन्स मेनी इयर्स."

कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या दाराशी होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण नवऱ्याची मान कळत होती. ती मान ताठ झालेली पाहून तिने तिथूनच हात जोडले. उपयोग झाला नाही.

"मोअर बेटर नाही," मास्तर म्हणाले. "नुसतं बेटर. अन् डिडन्ट एट नाही. हॅवन्ट ईटन. अन् सिन्स नाही, फॉर."

कुणी काही बोललं नसतं तर कदाचित निभावलं असतं. पण उकंडराव मामांना सगळ्यांत आधी गंमत कळली, इंग्रजीचा एक शब्द येत नसूनही. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरे बाप्पा! म्हंजे आमचा भाचा नापास!" मग सगळी पंगत खो खो हसली.

बबनराव हसले नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, ताटात पाणी सोडलं आणि उठले. रागाचा एक शब्द नाही, आदळआपट नाही. दुपारच्या उन्हातच रुख्मिणीला घेऊन ते जऊळक्याला गेले. अनारशांची दुरडी तशीच कोनाड्यात राहिली. कस्तुराबाई रात्रभर म्हणत राहिली, "नारायेन अर्ध्या ताटावरून उठला वो. आता काय व्हते बाप्पा माह्या लेकीचं." मास्तर खाटेवर पडून छताकडे बघत होते. आपण चुकलो हे त्यांना कळत होतं. आणि मोअर बेटर हे चूकच, हेही कळत होतं. करायचं काय अशा माणसाचं!

मग सण आले आणि गेले. नागपंचमीला लेक आली नाही, दिवाळीला आली नाही. निरोप मात्र दर वेळी गोड यायचा, तारेचं काम आहे, रजा नाही. कार्तिकात कुणीतरी सांगितलं की रुख्मिणीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही तर रीतच. कस्तुराबाईने आपल्या भावाला तिला आणायला धाडलं. तो रिकामा परत आला. बबनरावांनी त्याला पोटभर जेवू घालून सांगितलं होतं, "तिथं कायले न्यायचं? इथं दाई हाये ना."

दाई! स्टेशनच्या त्या खोल्यांत बाईमाणूस म्हणून दुसरं कुणी नाही, दाई राहते पलीकडच्या तांड्यात, नवरा रात्रपाळीला. कस्तुराबाईला आपली तीन लेकरं आठवली. त्यांतलं पहिलं असंच सुनं घर पाहून आलं होतं आणि गेलं होतं. माघ लागला तसं तिने रडणं सोडलं आणि नवऱ्यापुढे येऊन बसली.

"तुमीच जा," ती म्हणाली. "गाठ तुमी पाडली, तुमीच सोडवा. अन् तो काही बोलो, इंग्रजी बोलो का फारसी बोलो, तुमी चूक काढायची नाही. शपथ हाये लेकीची." आणि तरीही भरवसा वाटेना म्हणून तिने त्यांच्या हातात एक अख्खी सुपारी दिली. "जीभ वळवळली का दाताखाली धरा."

मास्तर बैलांच्या दमणीतून जऊळक्याला निघाले. वाटेत दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता. एरवी त्यांनी खाली उतरून ओला हरभरा खाल्ला असता. आज ते सुपारी गालात धरून, काय बोलायचं ते मनात घोळवत बसले होते. चाळीस पोरांच्या वर्गाला धाकात ठेवणारा माणूस आज स्वतःच धडा पाठ करत होता.

बबनरावांनी आदर केला. लोटाभर पाणी दिलं, सतरंजी टाकली, "बसा मामाजी" म्हणाले. पण सगळं मराठीतून आणि मोजून मापून. रुख्मिणी चहा घेऊन आली. सातवा महिना, पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं. बापाकडे बघून ती हसली आणि लगेच आत गेली. तिला पाहिल्यावर मास्तरांची सगळी पाठ केलेली वाक्यं उडाली.

"जावाईबापू," ते म्हणाले, "तिले नेतो. मले माफ करा."

बबनरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग उठून त्यांनी दार लोटलं आणि मास्तरांच्या समोर येऊन बसले. चेहरा वेगळाच झाला होता, पोरासारखा.

"मामाजी, एक काम होतं. फुडच्या महिन्यात अकोल्याले साहेबापुढं जायचं हाय. असिस्टंट स्टेशनमास्तरची जागा निंगाली. साहेब इंग्रजीत इचारते अन् इंग्रजीतच आयकते. मी रोज बोलून पाह्यतो, पन इथं सांगनार कोन? तुमाले बोलून दाखोतो. चुकलं तं चुकलं म्हना. मले राग येनार नाही."

आणि बबनराव उभे राहिले. टोपी नीट केली, हात सरळ खाली सोडले आणि बोलू लागले.

"सर, मायसेल्फ बबनराव. आय ॲम वर्किंग हियर सिन्स फोर इयर्स. आय ॲम नोइंग ऑल द सिग्नल्स. वन टाइम आय वॉज हॅविंग फीवर, बट आय डिडन्ट वेंट होम. होल नाइट आय वॉज सीटेड निअर द इन्स्ट्रुमेंट."

मास्तरांच्या दाताखाली सुपारी कडकन फुटली. प्रत्येक वाक्य मोडकं होतं. आणि प्रत्येक वाक्य खरं होतं, हेही त्यांना दिसत होतं; हा पोरगा खरंच तापात रात्रभर यंत्रापाशी बसला असणार. थोडं बसवून, आठपंधरा दिवस शिकवून हे नीट झालं असतं. शिकवणं हा तर त्यांचा जन्माचा धंदा.

पण लोटलेल्या दाराची फट होती आणि फटीत रुख्मिणी उभी होती. तिने काही खूण केली नाही, नुसती बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मास्तरांना ते अंगण आठवलं, ताटात सोडलेलं पाणी आठवलं. राग येणार नाही म्हणतात सगळेच. आणि आला तर? तर ही इथेच राहील, पलीकडच्या तांड्यातली दाई वेळेवर येईल न येईल.

"फर्स्ट क्लास," मास्तर म्हणाले.

"खरं?"

"मंग?"

"नाही मामाजी, खरं सांगा. कुठं जरासं तरी अडलं असन."

"जावाईबापू," मास्तर म्हणाले, आणि हे बोलताना आपलाच आवाज त्यांना परका वाटला, "म्या कवा कोनाची चूक पोटात ठेवली का? मयतावर नाही ठेवली. तुमच्या पंगतीत नाही ठेवली. चुकलं असतं तं मी गप्प बसलो असतो का?"

बबनराव मोकळेपणाने हसले. त्या पंगतीनंतर पहिल्यांदाच हसले असावेत. "हे मातर खरं," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनं चांगलं म्हनलं असतं तं माह्या मनात शंका राह्यली असती. तुमी म्हनता म्हंजे पक्कं." आणि दार उघडून त्यांनी हाक मारली, "रुख्मिणी, गाठोडं बांध वो. मामाजी आलेत, तुले न्यायले."

दमणी स्टेशनच्या बाहेर पडली. मास्तर बरेच हलके झाले होते. लेक शेजारी बसली होती, तिच्या पाठीशी गोधडी होती, बैल सरळ चालले होते. बाकीचं पुढच्या आठवड्यात पाहू, असं त्यांनी ठरवलं. एकदा येऊन, गोडीने, हळूहळू दुरुस्त करून देऊ.

"बाबा," रुख्मिणी म्हणाली, "तुमी आज चांगलं म्हनलं ना, लय बरं झालं. त्याइले तुमचं लय वाटते."

"माह्यं?"

"मंग? धोंड्याच्या जेवनाच्या आधी महिनाभर ते वाक्यं पाठ करून राह्यले होते. सिग्नलपाशी उभे राहून. मी इचारलं कायले, तं म्हने, तुह्ये बाबा या मुलखात एकलेच हायेत ज्याइच्यासंग इंग्रजी बोलता येते. म्हने, त्याइले बरं वाटन."

मास्तरांनी मान वळवली. बाजूच्या शेतात कुणीतरी हरभरा उपटत होतं. थोड्या वेळाने त्यांनी गाडीवानाला हाक मारली, "सोमला, गाडी थांबव."

"काहून बाबा?"

"मी... जराशी मांगं फिरवू. एक सांगायचं राह्यलं जावयाले."

सोमलाने गाडी थांबवली, पण वळवली नाही. "मास्तर," तो म्हणाला, "दोन जीवाची बाई घिऊन निंगालेली गाडी मांगं फिरवत नाहीत जी. आमी तरी नाही फिरवत. तुमाले ठावं नाही का?"

ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. शिवाय रुख्मिणीचा चेहरा पडला होता; तिला वाटलं, परत गेलो तर काहीतरी होईल आणि आपलं येणं राहील. तिने बापाचा सदरा धरला. मास्तरांनी हात हलवला आणि गाडी पुढे निघाली. त्या वेळी रूढी आड आली की रूढीची सोय झाली, हे मास्तरांना पुढेही कधी धड सांगता आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कस्तुराबाईला सगळं सांगितलं. ती लेकीच्या सुजलेल्या पायांना तेल लावत होती. ती म्हणाली, "आता गप्प राहा. पोरगी मोकळी होऊ द्या, मंग काय शिकवायचं ते शिकवा." मास्तर गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात रुख्मिणीला ताप आला. मग कळलं की साहेबाने तारीख अलीकडे ओढली आणि बबनराव अकोल्याला जाऊनही आले. त्या दिवशी मास्तरांनी वर्गात एकाही पोराची चूक काढली नाही. पोरांना वाटलं मास्तर आजारी आहेत.

बाळंतपण अवघड गेलं. दोन दिवस नि दोन रात्री. गावातली दाई, वर दवाखान्यातली बाई, दोघी होत्या म्हणून निभावलं. जऊळक्याला असती तर हाती लागली नसती, असं दवाखान्यातली बाई स्पष्ट म्हणाली. मुलगी झाली. कस्तुराबाईने नवऱ्याकडे पाहून नुसती मान हलवली, म्हणजे तुम्ही केलं ते ठीक केलं. मास्तरांनाही त्या दिवशी तसंच वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

बारशाला बबनराव आले. लेक मांडीवर घेतली, तिच्या मुठीत बोट दिलं, रुख्मिणीची विचारपूस केली. पंगत झाली. मास्तरांनीच तूप वाढलं आणि बबनराव पोटभर जेवले. मग लोक पांगल्यावर ते ओसरीवर मास्तरांच्या शेजारी येऊन बसले.

"जागा नाही भेटली मामाजी."

"कळलं," मास्तर म्हणाले. खरं तर कळलं नव्हतं, पण आणखी काय म्हणणार.

"साहेब सुरुवातीले हसला नाही. शांतपनं आयकत होता. मंग म्हने, तुले हे कोनं शिकवलं? मी म्हनलं, माह्ये सासरे मंगरूळले इंग्रजीचे मास्तर हायेत, त्याइनं सगळं आयकून पास केलं." आत पाळणा करकरत होता. "मंग हसला. तिथं बसले होते ते समदेच हसले. तुमचं नाव मी कायले घेतलं, असं वाटलं मले. भायेर आल्यावर तिथल्या एका बाबूनं एकेक चूक सांगतली. पह्यल्या वाक्यापासून व्हत्या."

मास्तरांना म्हणायचं होतं की मी लेकीसाठी केलं. म्हणायचं होतं की ती दोन दिवस अडली होती, तिकडे असती तर गेली असती. पण हे सगळं बबनरावांनाही माहीत होतं. आतून लेक आणि नात दोघींचे आवाज येत होते, आणि त्या आवाजांच्या पुढे काही बोलणं म्हणजे भाव केल्यासारखं झालं असतं.

"जागेचं काही नाही," बबनराव म्हणाले. "आज ना उद्या निंगन. पन तुमी चारचौघात माह्यी चूक काढली ना, तवा राग आला, पन मनात वाटलं, मानूस खरा हाये. पोटात ठेवत नाही. म्हनूनशान तर तुमच्यापुढं उभा राह्यलो." ते जमिनीकडे बघत होते. "एकच सांगा मामाजी. मी असा हात सोडून तुमच्यापुढं बोलत व्हतो, तवा तुमी मनात हसले का?"

मास्तर हसले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मोडकं इंग्रजी ऐकून त्यांना राग आला नव्हता, हसू आलं नव्हतं. तापात यंत्रापाशी बसलेला पोरगा डोळ्यांपुढे उभा राहिला होता आणि मनात लेकीची काळजी होती. हे सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं.

"नाही वो जावाईबापू," ते म्हणाले. "देवाशपथ नाही."

"बरं," बबनराव म्हणाले.

मास्तरांनी ते 'बरं' ओळखलं. धडा पाठ केलाय म्हणून डोळ्यांत डोळे घालून सांगणाऱ्या पोराला ते स्वतः वर्गात असंच 'बरं' म्हणत.

"खरंच नाही हसलो."

"हो जी, बरं म्हनलं ना," बबनराव म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवलं का ते बघायला उठून गेले.